हक्क, उंबऱ्याच्या आतला



आपल्या सीमाभागात ‘हक्क’ हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला. त्यासाठी आपण एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळला, मोर्चे काढले. आज मी त्याच शब्दाविषयी बोलणार आहे. पण रस्त्यावरच्या नव्हे, घरातल्या.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आपल्याला नव्या नाहीत. तिथे बायका दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात काम करीत आल्या. १९८० च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली आणि मजुरीसाठी, माणुसकीच्या वागणुकीसाठी त्या लढल्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. तिथे समोर मालक होता, म्हणून लढता आले. पण घरी भाकरी कोणी थापायची, मुले किती होऊ द्यायची, आणि पुरे झाली म्हणजे ऑपरेशन कोणी करून घ्यायचे, यासाठी मोर्चा कोणावर न्यायचा?

हा प्रश्न वखारीपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ३८ जणींचे ऑपरेशन झालेले आढळले. नवऱ्याने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. यात मजूर आले, तसे वकील आणि प्राध्यापकही आले.

मीही त्यांतलाच. धाकट्या मुलीनंतर माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले, तेव्हा मी डबा घेऊन बाहेर बाकावर बसलो होतो. मला डॉक्टरांनी विचारले नाही, आईने विचारले नाही. खरे म्हणजे मीच मला विचारले नाही. पुढे काही दिवस पाण्याची घागर मी उचलली. तेवढ्यावर गल्लीत माझे कौतुक झाले!

वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करायची, एवढे पथ्य. ताकद जात नाही, पुरुषत्व जात नाही. आणीबाणीतल्या सक्तीने मनात बसलेली भीती खोटी नव्हती. म्हणूनच सक्ती कोणावरच नको. पुरुषावर नको, तशी बाईवरही नको. आणि जिला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिच्या ‘हो’ला संमती कशी म्हणावी?

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. लाजेपायी जे बोलले जात नव्हते, ते त्यांनी स्वच्छ मराठीत लिहिले. मराठीचा अभिमान सांगणाऱ्या आपण निदान ती मराठी घरात बोलावी.

वाचकहो, हे भाषण छापून तुमच्या घरी येईल. ते बैठकीच्या खोलीत ठेवू नका. मुलाचे लग्न ठरले असेल तर बापाने त्याच्याजवळ बसून हा विषय काढावा. सुनेजवळ सासूने काढण्याची वाट पाहू नये. माझ्या बापाने काढला नाही. मी माझ्या मुलाजवळ काढला आहे, उशिरा का होईना.