भावाचं लिव्हर आज घ्यायचं, की थांबायचं?

आजचा विषय थोडा अवघड आहे, पण ऐका.

समजा, एका माणसाचं लिव्हर निकामी होत चाललंय. भाऊ स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार आहे, सगळ्या टेस्ट जुळल्यात. आपल्याला वाटतं, मग वाट कसली बघायची? उद्याच उरकून टाका. गणित मात्र कधी कधी म्हणतं, थांबा.

कारण प्रत्यारोपण एकदा झालं की मागे फिरता येत नाही. ऑपरेशनची जोखीम आहे, जन्मभराची औषधं आहेत. आणि जुनं लिव्हर अजून बरं चालत असेल, तर त्याची उरलेली वर्षं आपण वाया घालवतो. उलट फार थांबलो, तर पेशंट ऑपरेशन सोसण्याच्या पलीकडे जातो.

2004 साली अमेरिकेत ओगुझान अलागोझ आणि सहकाऱ्यांनी हा पेच 'मार्कोव्ह निर्णय प्रक्रिया' वापरून मांडला. नाव भारदस्त आहे हो, पण आत एकच प्रश्न आहे, रोज नव्याने विचारलेला. आज ऑपरेशन केलं तर पुढे सरासरी किती आयुष्य? आणि आज थांबून उद्या पुन्हा हाच प्रश्न विचारला तर किती? जास्त मिळेल ते करा.

तब्येत मोजायला मेल्ड स्कोअर असतो. मूळ स्कोअर बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांवरून काढलेला होता, 6 ते 40. जितका जास्त, तितकी तब्येत वाईट. उत्तर बहुतेकदा उंबरठ्यासारखं येतं: अमुक स्कोअरपर्यंत थांबा, त्यापुढे करा. मिळणारं लिव्हर कमी प्रतीचं असेल, तर हा उंबरठा वर सरकतो.

2007 मध्ये त्यांनी दुसरा पर्यायही धरला, वेटिंग लिस्टवरून येणारं मृत दात्याचं लिव्हर. साहजिक आहे, घरात दाता असेल तर माणूस लिस्टवरच्या लिव्हरबाबत चोखंदळ होऊ शकतो.

आता मला खटकतं ते सांगते. भारतात बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडूनच होतात. देणारी बायको असते, मुलगा-मुलगी असते. आणि या मॉडेलमध्ये मोजली जातात ती फक्त पेशंटची वर्षं. भावाच्याही पोटावर कट येणार, त्याच्याही जिवाला थोडा का होईना धोका, ते बेरजेत नाही. शिवाय 2004 च्या मांडणीत दाता कायम हजर असतो. खऱ्या घरात थांबलेल्या त्या दिवसांत भावाचं लग्न ठरतं, शुगर निघते, किंवा तो रात्री दोन वाजता उठून बसतो आणि म्हणतो, मला भीती वाटतेय.