जुनेर, दांड आणि वाकळ

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात मंडळाच्या महिला शाखेतर्फे केलेलं भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात पाककृती, आरोग्य नाहीतर मुलांचं करिअर असे विषय होतात. यंदा आम्ही जुन्या कपड्यांवर बोलायचं ठरवलं तेव्हा काहीजणी हसल्या. चिंध्यांवर काय बोलायचं? मग आम्ही एकमेकींना विचारलं, न नेसता पडून असलेल्या साड्या प्रत्येकीच्या घरात किती? एकीलाही आकडा सांगता येईना. कपाट भरलं, माळा भरला, आणि द्यायचं कोणाला हा घोर. पूर्वी बोहारीण दारात यायची, दोन लुगड्यांवर पातेलं ठेवायची, जरीचा काठ दिसला की तिचे डोळे चमकायचे. आता तीही क्वचितच दिसते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा चढल्या आणि निपाणी-चिकोडी भागात पाणी शिरलं, तेव्हा कपडे गोळा करायला आम्हीही बसलो होतो. देणाऱ्यांची भावना चांगलीच होती. पण गाठोडी सोडल्यावर बटणं तुटलेले शर्ट, उसवलेले ब्लाउज, एकेक पायमोजा असलं बरंच निघालं. ज्याचं घर वाहून गेलं त्याच्या हातात हे कसं द्यायचं? ते वेगळं काढण्यात आमच्या दोन दुपारी गेल्या. दान आणि टाकणं यात फरक आहे, एवढं सांगून हा विषय सोडतो.

आपल्या आज्यांच्या घरात कापडाला टाकणं नव्हतंच. नऊवारी लुगडं नेमकं बसायच्या जागी विरतं, कारण कासोट्याचा सगळा ताण तिथेच. मग विरलेला भाग फाडून काढायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दांड घालणं म्हणायचे. दांडाचं लुगडं नेसण्यात कमीपणा नव्हता. शिवण किती सरळ आलीय ते मात्र चारचौघी बघायच्या. तेही फाटलं की काठ उसवून परकराला लागायचा आणि मधलं कापड बाळाच्या दुपट्यांना आणि लंगोटांना. पहिलटकरणीच्या माहेरी सातव्या-आठव्या महिन्यापासून हीच कामं चालायची. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, शंभर वेळा धुतलेलं सुती कापड टोचत नाही, इतकं साधं त्यामागचं कारण. धोतराचं गाळणं व्हायचं, नाहीतर देवघरातल्या वाती आणि कार्तिकातला काकडा. शेवटी चुंबळ आणि पोतेरं.

आणि या सगळ्याच्या मध्ये वाकळ. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे तिला गोधडी म्हणतात. आपल्याकडे वाकळच, आणि पलीकडच्या कन्नड घरात तीच कौदी. आपल्या भागात बाकी कशाकशावरून वाद असतील, पांघरुणावरून नाही. लुगडी तरी कुठली असायची? इरकल, नाहीतर इथल्याच शहापूर-वडगावच्या मागांवरची. तेच सूत मिळून मराठी अंगावरही होतं आणि कन्नड अंगावरही.

खानापूर ओलांडून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे गेलं की सिद्दी समाजाची वस्ती लागते. काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. त्यांच्या बायकांच्या वाकळा परदेशातल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या आणि त्यांच्यावर अभ्यासही झाला. त्या कडेपासून शिवायला सुरुवात करतात आणि तुकडे जोडत जोडत मध्याकडे येतात. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घडीचे तुकडे लावतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलं नसतील तर वाकळ उघडी दिसते, असं त्यांचं म्हणणं. आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर ही कला आहे आणि आपल्याला ती परदेशी अभ्यासकांमुळे कळावी, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

आता करायचं कसं, ते सांगतो. सगळ्यात आधी सुती आणि बिनसुती वेगळं करा. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि विस्तवाजवळ गेलं तर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून बाळाच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाकळेत ते घालू नका. कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून सांडशीत धरून जाळा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टरची कडक गोळी होते. मग हुक, बटणं, चेन काढून घ्यायचं आणि कपडे धुऊन कडक उन्हात वाळवायचे. ओलसर कापड आत गेलं की वाकळ कुबट होते, म्हणूनच हे काम चैत्र-वैशाखातलं. वर आणि खाली एकेक धड साडी, पोटात विरलेल्यांचे थर. हलक्या वाकळेला चार थर पुरतात, थंडीच्या वाकळेला सहा-सात. त्याहून जास्त घातलेत तर सुई रुसते आणि धुताना कंबर धरते. थर पसरल्यावर आधी लांब लांब टाके घालून बांधून घ्या, नाहीतर मधलं कापड गोळा होतं. मग दुहेरी दोऱ्याने धावदोरा, कडेकडेने चौकोनात आत जायचं. समोरासमोर दोघी बसल्या तर पाठही दुखत नाही आणि बातम्याही कळतात. मशीनवर होते का? होते. पण जाड थरांना घरातलं साधं मशीन दम टाकतं, आणि हाताच्या टाक्याचा मऊपणा तिला येत नाही, हे आमचं ठाम मत.

वाकळ जमणार नसेल तरी बाकी पुष्कळ आहे. टी-शर्टचं कापड विणीचं, त्याचे दोरे सुटत नाहीत. पट्ट्या कापून वेणी घालून गोल शिवली की उत्तम पायपुसणं. जीन्सच्या पायाची पिशवी पाच किलो बटाटे सहज पेलते. कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ साली बंदी आली, महाराष्ट्रात २०१८ साली, तरी रविवार पेठेत आपण हात हलवत जातो ते जातोच. गणपतीच्या आराशीला मागे इरकल साड्या चुण्या घालून टांगा. थर्माकोलपेक्षा शोभतात आणि सहाव्या दिवशी परत घडी घालता येतात. हल्ली मात्र नवाकोरा खण कापून ‘जुन्या पद्धतीच्या’ पर्स करतात, त्याला काय म्हणावं ते आम्हाला कळत नाही.

एक नाजूक गोष्ट. गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करायचं? काही घरांत ते लगेच देऊन टाकतात, काही घरांत सासूचं लुगडं वाकळेच्या वरच्या थराला लावतात आणि नातवंडं ती पांघरतात. दोन्ही रीती आपल्यात आहेत. ज्यांना ठेवावंसं वाटतं त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

खरी अडचण वेगळीच आहे. वाकळ शिवणाऱ्या बायका आता साठीच्या पुढे गेल्यात, त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि त्यांच्या सुनांना एवढ्या कमी पैशात हे काम परवडत नाही. एका वाकळेला आठ-दहा दिवस बसावं लागतं. दुकानातल्या ब्लँकेटला आपण सांगेल ती किंमत मोजतो आणि हिच्याशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासतो. आमच्यातल्याही काहीजणी घासायच्या. यापुढे शिवणावळ दिवसाच्या हजेरीच्या हिशेबाने द्यायची, असं महिला शाखेने ठरवलंय. ज्यांना पटेल त्यांनी नाव द्यावं, आम्ही शिवणाऱ्या बायकांची गाठ घालून देऊ.

घटस्थापनेच्या आधी घरोघरच्या वाकळा नदीवर धुवायला निघतात. त्याच दिवसांत, म्हणजे पितृपंधरवड्यात, मंडळाच्या सभागृहात रोज दुपारी तीन ते पाच आम्ही बसणार आहोत. या पंधरवड्यात नवीन काही करू नये म्हणतात. वाकळ तर मुळातच जुनी. येताना दोन सुती साड्या, जाड सुई आणि चष्मा आणा. सतरंज्या मंडळाच्या आहेत, चहा आमच्याकडे लागला.