रडारपासून रुग्णालयापर्यंत



आपल्या बडोद्यात लष्कराचे ई. एम. ई. स्कूल आहे. सैन्यात रडार व बिनतारी यंत्रे सांभाळणारा जवान पुष्कळदा चाळिशीच्या आतबाहेरच निवृत्त होतो. मुले शाळेत असतात. म्हणून मिळेल ती पहारेकऱ्याची नोकरी तो पत्करतो. त्या नोकरीत कमीपणा नाही. पण पंधरा वर्षांची विद्या वाया जाते, याची आम्हांस हळहळ वाटते.

कर्करोगावर किरणोपचार करणारे लिनॅक यंत्रच पाहा. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्याने उपचार सुरू झाले. त्यास शक्ती पुरविणारा मॅग्नेट्रॉन रडारच्याच घरचा. उच्च दाबाची वीज, ऑसिलोस्कोपवर दोष शोधणे, हात घालण्यापूर्वी कपॅसिटर रिकामा करणे, हे रडारवाल्यास सारे ओळखीचे. नवे शिकायचे ते किरणांपासून संरक्षणाचे नियम आणि रुग्णाचे भान.

मग अडते कोठे? अर्जात. नुसता हुद्दा व पलटण लिहिली, तर नोकरी देणाऱ्यास काही उमगत नाही. कोणत्या प्रकारचे यंत्र, किती वर्षे, कसले दोष दुरुस्त केले, हे साध्या शब्दांत लिहावे. गुप्त ते गुप्तच ठेवावे. निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात, ते सोडू नयेत. पहिल्या वर्षी पगार थोडा कमी आला, तरी घरच्यांनी धीर द्यावा.

आणि आपल्यापैकी ज्यांचे कारखाने वा रुग्णालये आहेत, त्यांना आमची विनंती: अशा माणसास दारावर उभे करण्यापूर्वी एकदा यंत्रापाशी उभे करून पाहावे.