नवा धंदा आणि बिदरची माती
(महोत्सवी समारंभातील भाषण)



ट्रस्टच्या कर्जावर धंदा सुरू करणाऱ्या तरुणांना चार शब्द सांगावेत, अशी आम्हांला आज्ञा झाली आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. तागडी कधी हाती धरली नाही. परंतु आम्ही बिदरकडचे, आणि या विषयाचा धडा आमच्या किल्ल्याच्या मातीतच आहे.

नव्या धंद्याला हल्ली स्टार्टअप म्हणतात. नाव काही असो, पहिला प्रश्न जुनाच : गिऱ्हाइकाने ओळखीचे दुकान सोडून तुमच्या पायरीवर का यावे? ‘आम्ही स्वस्त देऊ,’ असे बहुतेक मुले सांगतात. हे उत्तर फार दिवस पुरत नाही. ज्याच्या गाठीला भांडवल आहे तो सहा महिने तोटा सोसून तुमच्याहून दोन पैसे कमी घेईल. तुम्हांला सहा आठवडेही सोसवणार नाही.

आता बिदरी काम पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, कानशीने साफ करतात. मोरचुदाने ते तात्पुरते काळे करून वर नक्षी रेखतात, छिन्नीने कोरतात आणि कोरलेल्या जागी चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवतात. मग घासले की जस्तही पांढरे आणि चांदीही पांढरी. एवढी मेहनत जवळजवळ दिसेनाशी होते! अखेरीस किल्ल्यातील जुनी माती व नवसागर पाण्यात कालवून त्याची ऊन भांड्याला दिली, की जस्त काळेभोर होते आणि चांदी शुभ्र राहते.

सारी करामत मातीची, असे लोक म्हणतात. पण माती पोत्यात भरून नेता येते. हैदराबादेतही हे काम चालते आणि माती बिदरहून जाते. खरी गोष्ट अशी की, माती कामाची आहे की नाही हे उस्ताद चिमूटभर जिभेवर ठेवून ठरवतात. ती जीभ पोत्यात भरता येत नाही. तिला वर्षे लागतात. प्रतिस्पर्ध्याला जे उद्या सकाळी बाजारात विकत मिळेल, त्याच्या भरवशावर धंदा उभा करू नये, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच.

हुन्नर गोठूनही चालत नाही. एके काळी या कारागिरांनी हुक्क्याची बुडे घडवली. हुक्के गेले; तोच हात फुलदाणीकडे, डब्यांकडे, कफलिंककडे वळला.

मग कारागीर श्रीमंत का नाही? चांदी महाग, पदरी पैसा नाही, आणि गिऱ्हाईक व्यापाऱ्याच्या ओळखीचे. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही आनंदाच्या गोष्टी. पण मानांकन नावाचे रक्षण करते, गिऱ्हाईक आणून देत नाही. कलबुर्गीच्या तुरीचेही तसेच. २०१९ साली तिला मानांकन मिळाले, तरी दुकानातल्या उघड्या पोत्यात ती कोणत्याही डाळीत मिसळली की तिचे गाव कोण विचारतो?

येथेच नव्या मुलाला वाट आहे. आळंद-चिंचोळीकडच्या पंचवीस शेतकऱ्यांशी त्याने नाते जोडावे. रोख पैसे द्यावेत, वजनात खोट करू नये, एका शिवाराची डाळ दुसऱ्यात मिसळू नये. पन्नास घरांना सोलापुरात, पुण्यात तीच चव वर्षभर पोचवावी आणि तक्रार आली तर पिशवी परत घ्यावी. मोठा गिरणीवाला यंत्र उद्या आणील. पण पंचवीस शेतकऱ्यांचा विश्वास आणायला त्यालाही तेवढेच हंगाम लागतील, आणि पन्नास घरांसाठी तो एवढा खटाटोप करणार नाही. लहान असणे येथे सोयीचे आहे.

विश्वस्तांना एक विनंती. यंत्रासाठी कर्ज मागितले तर पावती दाखवता येते. उस्तादाजवळ बसून शिकण्यात गेलेल्या वर्षांची पावती नसते. त्या काळात मुलाच्या घरी चूल पेटली पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्या महिन्यात छिन्नी ठेवून हैदराबादची गाडी धरतो. पुढच्या वर्षीच्या अर्जांत शिकाऊ मुलाच्या घरखर्चासाठी एक रकाना ठेवावा, आणि चांदीसाठी उचल देण्याचाही विचार व्हावा.