गावंढळांची कैफियत



पुण्याच्या मंडईतील या सभेचे अध्यक्षपद मला देताना 'विषय ग्रामीण विनोदाचा आहे, तेव्हा भाषण हलकेफुलके असावे' अशी सूचना संयोजकांनी केली होती. ती मला पाळता येणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्या विनोदासाठी आपण जमलो आहोत तो खेडुताने केलेला नसून खेडुतावर केलेला आहे, आणि गावंढळ, खेडवळ, अडाणी, आडमुठा, कुणबट अशी जी शेलकी विशेषणे नागर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नावे जमा केली, ती निरुपद्रवी थट्टा नसून व्यवहारातील हत्यारे आहेत, असा माझा सरळ आरोप आहे. मनुष्य अडाणी आहे असे एकदा ठरले, म्हणजे त्याच्या मालाचा भाव पाडताना, पट्टीतून हमाली-तोलाईच्या नावाखाली वाटेल ती रक्कम कापताना, किंवा कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेताना मन कचरत नाही.

मुंबईकरांचा 'घाटी' घ्या. सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून घाट उतरून गेलेल्या ज्या माणसांनी गोदीत ओझी वाहिली आणि गिरण्यांचे साचे चालविले, त्यांच्या मुलुखाच्या साध्या भौगोलिक वर्णनाचा मुंबईने अपशब्द केला. गोव्यात तर तो आजही हिणवण्यासाठीच वापरला जातो. तो ऐकून हसणारा पुणेकर स्वतःच त्या व्याख्येत सापडतो, हे मात्र त्याच्या गावीही नसते. (सदाशिव पेठ घाटाच्या वर आहे की खाली, याची चौकशी जिज्ञासूंनी अवश्य करावी.) आणि याच मंडईत गावरान वांगी, गावठी लसूण असा पुकारा झाला की हेच रसिक गिऱ्हाईक खुशीने चार पैसे अधिक मोजते! वांग्याला जे भूषण, ते वांगे पिकविणाऱ्याला दूषण कसे, याचा खुलासा मला अद्याप कोणी केलेला नाही.

अडाणीपणाचा पुरावाच हवा असेल तर याच जिल्ह्याच्या दप्तरातील काढू. 12 मे 1875 रोजी सुपे या बाजाराच्या गावी कुणबी सावकारांवर चालून गेले आणि पाहता पाहता तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाला जे आढळले ते ध्यानात घ्या: जमावाचा रोख खतेरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता, आणि जेथे सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्यांना अक्षर लावता येत नव्हते, ज्यांना मुन्सफाच्या कचेरीत उभे राहण्याचीही रीत ठाऊक नव्हती, त्यांना आपली जमीन नेमक्या कोणत्या कागदात अडकली आहे हे बिनचूक कळत होते. आणि चारच वर्षांनी, 1879 मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. ज्याला आपण आडमुठेपणा म्हणतो तो हाच.

ज्यांचे नाव मंडईच्या या वास्तूला आहे, त्या जोतीराव फुल्यांची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. नगरपालिकेचे सभासद असताना बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा उधळण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चावा, असा आग्रह त्यांनी धरला. तो मानला गेला नाही, 1886 साली ही अष्टकोनी वास्तू गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला जोतीरावांचेच नाव मिळाले. हा काळाने उगविलेला सूड की नगराने काढलेली पळवाट, याचा निवाडा आपण करा. 1888 च्या मार्चमध्ये हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या पेहरावात तेथे हजर झाले आणि पहारेकऱ्यांनी त्यांना दारातच अडविले. वेष पाहून माणसाची किंमत करण्याची आपली जुनी वहिवाट त्यांनी जाणूनबुजून अंगावर घेतली, आणि आत गेल्यावर राजपुत्राला बजावले की, येथे जमलेली नटलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे.

समोर लोकमान्यांचा पुतळा आहे. विरोधकांनी त्यांना 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणविले आणि ते बिरुद त्यांनी अभिमानाने मिरविले, हे आपण छाती काढून सांगतो. परंतु तेल्यातांबोळ्यांना आणि कुणबटांना कायदेमंडळात जाऊन काय करावयाचे आहे, अशा आशयाचे जे उद्गार 1917 सालच्या अथणीच्या सभेतले म्हणून गाजले, आणि ज्यांच्या नेमक्या शब्दांविषयी व अर्थाविषयी वाद अजून मिटलेला नाही, त्यांची आठवण निघाली की आपला आवाज एकदम खाली येतो. मी तो येथे खाली आणणार नाही.

आता साहित्यिक. वामन-मम्मटादी आचार्यांनी 'ग्राम्य' हा काव्यातला दोषच ठरविला. पण महाराष्ट्री प्राकृतातली हालाची गाथासप्तशती पाहाल तर तिच्यात शेते, पाटलाच्या सुना आणि नदीकाठची गावेच भरून राहिलेली दिसतील. व्यंकटेश माडगूळकरांनी 1949 साली 'माणदेशी माणसं' पुस्तकरूपाने आणली, त्यांत हास्य आहे, उपहास नाही. शंकर पाटलांच्या कथेतला इरसाल गावकरीही शेवटी ऐकणाऱ्याचीच विकेट काढतो. त्यांच्यामागून आलेल्या नकलाकारांनी मात्र हेल तेवढा उचलला, माणूस टाकून दिला. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची भर दरबारात फजिती करतो. नागर रंगमंचाने तोच सोंगाड्या उचलला आणि फजितीचे तोंड त्याच्याकडेच फिरविले. ही चोरी आहे, आणि तीही माल नासवून केलेली.

कार्यक्रमपत्रिकेवर या भाषणानंतर खेडुताच्या नकला आहेत. अध्यक्षाच्या अधिकारात मी त्या रद्द करीत नाही. नकलाकार महाशयांनी फक्त क्रम बदलावा. आधी गुलटेकडीच्या बाजारात शेतकऱ्याच्या हातावर पट्टी ठेवणाऱ्या अडत्याची नक्कल व्हावी, मग त्याच शेतकऱ्याच्या जुडीतून दोन काड्या फुकट ओढणाऱ्या पेठेतल्या गिऱ्हाइकाची. पहिल्या रांगेतली मंडळी तेव्हाही आतासारखीच हसली, तर तिसरी नक्कल पाहायला मी या खुर्चीवर बसून राहीन.