मत्स्यगर्भाची साक्ष

हैदराबादजवळील पाटणचेरू हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. तेथील सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. ते पाणी झेब्रा मासा व बेडूकमासे यांना घातक असल्याचे २००९ साली दिसून आले. त्या काळी ते ओढ्यांवाटे मांजरा नदीत जात असे. बीड जिल्ह्यात उगम पावणारी आपलीच मांजरा!

अशी परीक्षा पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करू शकतो. झेब्रा माशाचे अंडे मोहरीएवढेही नसते. पण ते पारदर्शक असल्यामुळे सुमारे एका दिवसानंतर आतील हृदयाचे स्पंदन सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसते. काही अंडी दूषित पाण्यात, काही निर्मळ पाण्यात ठेवून ९६ तास पाहावयाचे: गर्भ गोठला काय, शेपूट सुटी झाली काय, हृदय चालते काय?

मात्र निर्मळ पाण्यातील अंड्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक दगावली, तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सारा प्रयोग रद्द ठरतो. चार दिवस डोळ्यांत तेल घालून बसलेल्या मुलाला ते आकडे सोडून देणे जड जाते. अशा वेळी "पुन्हा कर" असे मायेने सांगणारा गुरू लाभावा. नदीकाठच्या माणसांसाठी उद्या हीच वही साक्ष देणार असते, आणि एका खोट्या आकड्याने खरी तक्रारही फोल ठरते.