पखालीतले पाणी

मुंबईहून बडोद्यास जाताना भरूचजवळ नर्मदा ओलांडली की काही वेळाने मियागाम करजण हे स्थानक लागते. रंगावधूत महाराजांचे नारेश्वर याच तालुक्यात असल्यामुळे मराठी दत्तभक्तांना हे नाव परके नाही. रेल्वेच्या इतिहासात मात्र ते निराळ्याच कारणाने आले आहे. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा मार्ग घातला आणि त्यावरचे डबे आरंभी बैलांनी ओढले. रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना सोसवत नव्हता. बैलाच्या खांद्यावर त्या काळी आणखी एक ओझे होते, आणि ते रुळांहून फार जुने होते. ते म्हणजे विहिरीतून वर येणारे पाणी.

हे पाणी कातड्यातून येई. मराठी शेतकरी ज्याला मोट म्हणतो त्याला गुजरातेत कोस म्हणतात. आपला जाड नाडा तिकडे ‘वरत’ होतो, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर ‘वरतडी’ होतो आणि मोट जिथे रिकामी होते ते थारोळे ‘थाळू’ होते. नावे बदलली तरी युक्ती एकच. मोटेला खाली हत्तीच्या सोंडेसारखी नळी असते. मोट वर येत असताना सोंदूर ही सोंड उचलून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. विहिरीच्या काठाशी येताच सोंड थारोळ्यात उतरते आणि मोट आपोआप रिकामी होते. बैल धावेवरून उतरतात, मागे हटतात, पुन्हा उतरतात. एका खेपेस साधारणपणे दीडशे ते अडीचशे लिटर पाणी निघे आणि त्यासाठी एक माणूस व एक बैलजोडी पुरे. यंत्रशास्त्राचे पुस्तक न पाहिलेल्या माणसांनी ही रचना केली, हे विसरून चालणार नाही.

शेतासाठी मोट, तशी गावासाठी पखाल. पय म्हणजे पाणी आणि खाल म्हणजे कातडे, अशी त्या शब्दाची फोड करतात. मोठ्या जनावराच्या कातड्याची ही दुतोंडी थैली रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर टाकून पखाली घरोघर पाणी घाली. मसक त्याहून लहान. ती बकऱ्याच्या अखंड कातड्याची; पायांची टोके बांधलेली, मान हेच तिचे तोंड. ती पाठीवर वाहणारा भिस्ती म्हणजे ‘बिहिश्ती’, स्वर्गातला माणूस. उन्हात तापलेल्या वाटसरूंनीच हे नाव दिले असावे. १५३९ साली चौशाच्या लढाईत गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला अशाच एका भिस्त्याने फुगवलेल्या मसकेच्या आधारे वाचविले आणि बादशहाने त्याला काही काळ तख्तावर बसविले, ही कथा प्रसिद्ध आहे. तख्तावरून उतरल्यावर त्याने काय केले, याची चौकशी बहुधा कोणी केली नाही.

पखालीवर एक म्हण मराठीत आहे आणि एक गुजरातीत. दुखणे म्हशीचे आणि औषध पखालीला, असे आपण म्हणतो आणि हसतो. गुजराती म्हण कठोर आहे: अपराध पाड्याचा आणि डाग पखालीला. गुजरातीत पखाली म्हणजे पाणी वाहणारा माणूस. तिथे कातड्याची थैली नव्हे, तो माणूसच भाजला जातो.

कातडे हे इतके जुने जलपात्र आहे की वेदांतही ते आढळते. संस्कृतात त्याला दृती म्हणतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात पावसाची वाट पाहणाऱ्या बेडकाला वाळलेल्या दृतीची उपमा दिली आहे. मनुस्मृती म्हणते की एक जरी इंद्रिय सैल सुटले तरी दृतीच्या पायातून पाणी गळावे तशी बुद्धी गळून जाते. ज्याने भरलेली मसक पाहिली आहे त्यालाच सुचावा असा हा दृष्टांत आहे. स्मृतींनी कातड्याच्या पात्रातले पाणी शुद्धही ठरविले आहे. ठरविणे भागच होते. नाहीतर देशातली शेते आणि निम्मी गावे तहानेने गेली असती.

पण मोट शुद्ध ठरली तरी ती करणारा ठरला नाही. महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाचे. कातडे चुन्यात टाकायचे, केस काढायचे, मग त्याची थैली शिवून तीत बाभळीच्या सालीचा किंवा हिरड्याचा काढा भरून ती टांगून ठेवायची, काढा पाझरला की पुन्हा भरायचा. दुर्गंधीत, चुन्याने हात सोलून निघत असताना हे काम चाले. त्याने कमावलेले कातडे दिवसातून शेकडो वेळा विहिरीत बुडे. त्याने स्वतःची घागर मात्र त्याच विहिरीत बुडवायची नाही. विदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा जातीमुळे त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. गाडीपर्यंतचे काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ती वाट करजणवरूनच जाते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या एका ओंजळीवरून गाव उठले.

मोट गेली ती मात्र कोणाच्या विचारामुळे नव्हे. आधी लोखंडी पत्र्याची मोट आली, मग तेलाचे इंजिन, मग विजेचा पंप. शहरांत नळ आले आणि पखालींचे रेडे दिसेनासे झाले. आज नर्मदेचे पाणी कालव्यांनी वडोदरा जिल्ह्यात फिरते.

कातडी मोटेला रोजचे पाणी लागे. ती कोरडी पडली की आखडे आणि भेगाळे, म्हणून तिला तेल चोळीत. तरीही ती झिजे. ठिगळे लावून लावून निकामी झालेली मोट टाकून देत नसत. तिच्या बऱ्या भागातून वहाणांचे तळ कापले जात.